निळ्या नक्षीचे कप

निळ्या नक्षीचा तो पांढराशुभ्र कॉफी सेट सासूबाई पाहुणे आले की स्वतः काढत आणि स्वतः धुऊन ठेवत. आधी मलाही त्यातूनच कॉफी मिळायची. बाळ झाल्यापासून मात्र येणाऱ्याजाणाऱ्याला ते कप आणि घरच्या सुनेला जाडजूड बुटका मग. नवरा म्हणायचा, "तू काहीही मनात घेतेस." पण माझ्या मनात पाल चुकचुकायचीच. बाळंतपणात माझ्या माहेरच्यांचं काही खटकलं असेल का यांना? की मीच आता नकोशी झालेय?

आज नणंद आली होती. कॉफी ओतून सासूबाई बिस्किटं आणायला आत वळल्या. बाळ पिता पिता माझ्या मांडीवरच झोपलं होतं. मी सरळ एक निळा कप उचलला. ओठाला लावणार, तोच सासूबाई धावत आल्या आणि त्यांनी दोन्ही हातांनी तो काढून घेतला. गरम कॉफी त्यांच्या बोटांवर सांडली.

"एवढा अविश्वास, आई? मी काय खाऊन टाकणार होते तुमचा कप?"

"तुझ्यावर नाही गं, त्या कपांच्या कानांवर. तुझ्या नवऱ्यानं लहानपणी अख्खा ट्रे पाडला होता. एकूणएक कान मी चिकटवलेत. कधी निखळतील, नेम नाही."

नणंदेनं घाईघाईनं आपला कप बशीत ठेवला. "आणि मला खुशाल देतेस?"

बोटांवर फुंकर घालत सासूबाई म्हणाल्या, "तुझ्या मांडीवर बाळ आहे का?"