कानांची परीक्षा

बाबांचं बोट पुन्हा वर गेलं. अगदी वेळेवर.

पोरीने वहीत सातवी खूण केली. नववीतली पोर ती, पण विज्ञान प्रदर्शनासाठी तिने कान तपासायचं यंत्र बनवलं होतं. यंत्र कसलं, बुटांच्या खोक्यात बसवलेली तारांची जुळणी. समोरच्याने हेडफोन लावायचा. तिने बटण दाबलं की त्याच्या कानात शिट्टीसारखा बारीक आवाज, आणि तिच्या बाजूला लाल दिवा. ऐकू आलं की बोट वर करायचं. सकाळपासून साठ-सत्तर जण हौसेने बसून गेले होते. बाबा हौसेने बसले नव्हते.

बाबा शाळेची बस चालवायचे. मंगळवारी बस मागे घेताना मदतनीस मावशी जीव तोडून शिट्टी फुंकत होत्या, आणि बस काही थांबायचं नाव घेत नव्हती. मागे पहिलीतली मुलगी उभी होती. मावशींनी तिला दंडाला धरून ओढलं म्हणून ती वाचली. त्या मुलीचे वडील आज भर प्रदर्शनात मुख्याध्यापिकाबाईंसमोर उभे ठाकले.

"हा माणूस बहिरा आहे. माझी मुलगी आज त्या बसमध्ये चढणार नाही, आणि इतरांच्या मुलांनाही मी चढू देणार नाही."

"इंजिनचा आवाज होता हो," बाबा म्हणाले. "माझे कान ठणठणीत आहेत."

"डॉक्टरांकडे तर सोमवारी पाठवीनच," बाई म्हणाल्या. "पण आज बस सोडायची की नाही, ते आत्ता ठरवायला हवं. समोर यंत्र आहे. बसा. नाही जमलं तर चावी माझ्याकडे द्या."

चावी दिली म्हणजे नोकरी गेली. नोकरी गेली म्हणजे शाळेच्या आवारातल्या त्या दोन खोल्याही गेल्या, ज्यात ती जन्मल्यापासून राहत होती. आणि समोर तोंड करून बोललं तर बाबांना कळतं, पण पाठीमागून अलीकडे दोन-दोन हाका माराव्या लागतात, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? आई म्हणायची, "दमतात गं ते." दोघी तेवढ्यावर गप्प बसायच्या.

आठ. नऊ. दहा. दहाच्या दहा!

टाळ्या पडल्या. पोरीचा जीव भांड्यात पडला. त्या मुलीचे वडील तर खजील होऊन पुढे आले. "माफ करा, पोटच्या पोरीचा प्रश्न होता," म्हणत त्यांनी बाबांचा हात हातात घेतला. बाबा नुसते हसले. मोठ्या मनाचा माणूस, असं कुणीतरी म्हणालंसुद्धा.

पोर हेडफोन उचलायला वाकली आणि जागच्या जागी थिजली. हेडफोनची पिन टेबलाखाली लोंबत होती. खोक्याला जोडलेलीच नव्हती! बाबा बसायच्या आधी प्रकल्पातल्या तिच्या जोडीदारणीने धांदलीत टेबल पुसलं होतं, तेव्हाच निघाली असणार. लाल दिव्याला काय, तो बटणावर लागतो. कानात आवाज गेलेलाच नव्हता. एकदाही नाही.

मग दहा वेळा बोट वर कसं गेलं?

तिने नुसतंच बटण दाबून पाहिलं. बटण कडक होतं. दाबताना तिचं कोपर दर वेळी जरासं उचललं जात होतं. आणि बाबा तिच्या बरोब्बर समोर बसले होते.

बाहेर पटांगणात मुलांची रांग लागली होती. बेचाळीस मुलं. एकजण पुढच्याची टोपी उडवत होता, बाकीचे खिदळत होते. बाबांनी खिशातून बसची चावी काढली. इतर कुणीच टेबलाखाली पाहिलं नव्हतं. पिन गुपचूप खोक्यात सरकवली असती, तर या जगात कुणाला कळलं नसतं.

"बाई," पोर म्हणाली. "माझी चूक झाली. तपासणी परत घ्यावी लागेल."

"अगं, आता आणखी काय राहिलं?"

"माझीच चूक आहे, बाई. एकदाच." मग ती बाबांकडे वळली आणि सावकाश, एकेक शब्द सुटा करत म्हणाली, "बाबा, या वेळी माझ्याकडे पाठ करून बसा."

बाबांचं हसू जरासं ओसरलं. "का गं?"

तिने नुसतंच खुर्चीकडे बोट दाखवलं. बाबांनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं, मग खुर्ची फिरवली, हेडफोन चढवला आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून ताठ बसले. मानेवरची कॉलर उसवलेली होती. काल आईने शिवायला घेतली होती आणि राहून गेली होती.

तिने पिन घट्ट बसवली. आवाजाचं बटण शेवटापर्यंत फिरवलं. ऐकू येऊ दे, एवढंच येऊ दे, असं मनोमन म्हणत तिने बटण दाबलं.

दिवा लागला. हेडफोनमधून शिट्टी बाहेर फुटली, इतकी कर्कश, की दाराजवळ उभ्या असलेल्या त्या मुलीच्या वडिलांनी दचकून वर पाहिलं. जोडीदारणीने कानांवर हात ठेवले.

बाबांचं बोट हललं नाही.

तिने बटण सोडलं, पुन्हा दाबलं आणि दाबूनच धरलं. बाईंनी मान खाली घातली. खोलीत कुणी कुणाकडे बघेना. शिट्टी वाजतच राहिली, आणि पोरीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

"अगं, किती वेळ लावतेस?" पाठमोरे बाबा हसत म्हणाले. "दाब की बटण!"