बुजगावण्याचा कोट
केशोरीच्या चेतनाचा टाका एवढा बारीक, की परदेशातल्या राण्या झग्याची शिवण दुर्बिणीने शोधत म्हणे. मग ते झगे विकणाऱ्या कंपनीने तिला मोठी साहेब केलं; सुई सुटली. आता हातशिलाईचे कारागीर काढून यंत्रं आणायला तिचा होकार हवा होता. तो टाळत ती घरी आली, तर बाप धानात बुजगावणं उभारत होता. "बाबा, याचे कपडे मी शिवते." जुन्या धोतराचा कोट तिने असा चापूनचोपून बसवला, की वाऱ्याने फडफडेना आणि पोपट खुशाल खांद्यावर बसले. "बुजगावण्याले फिटिंग कायले वं?" बाप हसत सुटला. ती कित्येक वर्षांनी सुई टोचलेलं बोट पाहत राहिली. फोन वाजला. "मॅडम, होकार कळवू?" "नको. कारागीर राहतील. त्यांच्यात माझंही स्टूल ठेवा." त्या हंगामात पोपटांनी धान पोटभर खाल्लं, पण बाप कोट काढू देईना.