ओढ्यापलीकडची दोन मतं

प्रतिनिधिगृहाच्या मतदारसंघांच्या रेषा यंदा नव्याने आखल्या गेल्या आणि ओढ्यापलीकडचं लिओनाचं एकटं घर मतमोजणीचा वेगळा प्रभाग होऊन बसलं. त्यात मतदार दोनच: ती आणि तिचा नवरा व्हर्लिन.

"काय गं, यंदाही डॅल्टनच ना? की म्हातारपणी डोकं फिरलंय?" मतपत्रिकेचं पाकीट चिकटवताना व्हर्लिनने विचारलं.

"फिरलं तर तुझंच फिरेल. माझं मत डॅल्टनलाच!"

चाळीस वर्षं ती हेच खोटं बोलत आली होती. अंगणात डॅल्टनच्या पक्षाची पाटी असायची आणि तिचं मत गुपचूप विरोधकांना जायचं. पण निकाल प्रभागवार छापला जातो. एकास एक मत दिसलं, की व्हर्लिनला सगळं कळणार होतं.

मतदानाच्या आठवडाभर आधी तो अचानक गेला. त्याचं पाकीट टपालाने पोचलेलं असल्यामुळे त्याचं मत मात्र मोजलं जाणार होतं.

आता तिचं गुपित ओळखणारा कुणी उरला नव्हता. तरी निकालाचा कागद उघडताना तो मागे उभा राहून वाचतोय, असंच तिला वाटत राहिलं. तिने आपला प्रभाग शोधला.

डॅल्टन शून्य, विरोधक दोन.