नातीचा बस्ता

हिंदमाता मार्केटमधल्या साडीच्या दुकानात, काचेच्या दारापाशी सीताराम हात जोडून उभा होता. अंगात घामाने ओली झालेली शेरवानी, डोक्यावर तयार फेटा. गिऱ्हाईक आलं की दार उघडायचं, हसायचं, "या ताई, या" म्हणायचं. बसायला स्टूलही नव्हतं.

दोन टॅक्सी थांबल्या. पहिलीतून करी रोडची कमलआजी उतरली, मागोमाग सुना, लेकी आणि नवरी नात पूर्वी. या घरातल्या प्रत्येक लग्नाचा बस्ता सीतारामच्या हातूनच बांधला गेला होता.

कमलआजी थबकली. "सीताराम, ह्यां काय सोंग रे?"

"गादीवर म्हातारे नकोत, म्हणाले. आम्हा चौघांना गोदामात टाकलं. मी कामगार ऑफिसात तक्रार केली. बाकीचे तिघे कंटाळून घरी गेले. मी गेलो नाही, म्हणून हे." त्याने फेट्याकडे बोट केलं.

"शेट काय म्हणता?"

"म्हणतो, तक्रार घेऊन चालत गेलात ना? मग पाय चांगलेच आहेत तुमचे. उभे राहा."

कमलआजीने काचेतून आत पाहिलं. साड्यांच्या थप्प्या छताला टेकल्या होत्या.

"किती काढूक लावू?"

सीतारामने दार उघडलं. "सगळ्या."

बस्ता आला म्हटल्यावर मालकाचा मुलगा, आता दुकान चालवणारा अभयशेठ स्वतः पुढे धावला. "या आजी, बसा! आमची ही नवीन मुलं तुम्हाला मस्त दाखवतील."

"नको. आमका सीतारामच होयो."

अभयचं हसू जरा आखडलं. मग पुन्हा पसरलं. "काका, या ना. बसा गादीवर."

सीतारामने फेटा उतरवून कोपऱ्यात ठेवला आणि मांडी घातली. हाताच्या एका झटक्यात पहिली साडी या टोकापासून त्या टोकापर्यंत उलगडली. मग दुसरी. मग दहावी.

"शेठ, ती वरची थप्पी द्या. तिच्या मागचीही."

पोरांचे हात पुरेनात, तेव्हा अभय शिडीवर चढला.

"आणखी आहेत का हो, काका?" नवरी मुलगी पूर्वी दर वेळी अगदी गोड आवाजात विचारायची.

"आहेत तर! शेठ, गोदामातल्या पैठण्या मागवा."

दुपार टळली. गादी दिसेनाशी झाली. दारातून डोकावणारी गिऱ्हाइकं बसायला जागा नाही बघून परत फिरू लागली. सरबताचा शेवटचा घोट घेऊन कमलआजी उठली, पदर सारखा केला.

"नाय रे बाबा. काय्येक मनात भरला नाय."

"आजी, एक तरी..." शिडीवरच्या अभयचा आवाज चिरकला.

बायका चपला घालू लागल्या. सीतारामही उठला. त्याने फेटा झटकून डोक्यावर ठेवला.

"काका! अहो, घड्या कोण घालणार?"

"माझी ड्युटी दारात, शेठ. तुम्हीच लावलीत."

त्याने दार उघडून धरलं, हात जोडले आणि शिकवलं होतं तसा हसला. "पुन्हा या."

"येतलंव तर!" पायऱ्या उतरता उतरता कमलआजी आत ऐकू जाईल अशी म्हणाली. "धाकटेचां लगीन आसा वैशाखात."