दोनदा मारलेला शिक्का

महिन्याभराने ती विद्यापीठाच्या ग्रंथालयात, माझ्या खिडकीशी पुन्हा उभी होती. तिला बघूनच मी ओशाळलो.

मागच्या वेळी ती देगलूरहून सहा तासांचा एसटीचा प्रवास करून आली होती. आई अंथरुणाला खिळलेली, म्हणून पीएच.डी.साठी ग्रंथालयातली ऑनलाइन नियतकालिकं तिला घरून वाचायची होती. मी लॉगिन चालू करून द्यायचं, दोन मिनिटांचं काम. पण अर्जावर विभागप्रमुखांची नुसती सही होती, शिक्का नव्हता.

“सर, ते सोमवारपर्यंत रजेवर आहेत. आईला शेजारणीच्या भरवशावर सोडून आलेय हो.”

“मग सोमवारनंतर या. नियम काय मी केलाय?” असं म्हणून मी चहाला निघून गेलो.

चहा काही गोड लागला नाही. मन खात राहिलं. शेवटी आठवड्याने मी शिक्क्याविनाच तिचं लॉगिन चालू केलं, तसा मेलही पाठवला. उत्तर आलं नाही.

“तुमचं काम केव्हाच झालंय,” मी आज घाईघाईने म्हणालो. “उगाच आलात एवढ्या लांब.”

“त्या दिवशी मी परतीच्या बसमध्ये असतानाच आई गेली, सर. आता घरी कुणासाठी बसू? इथेच खोली घेतलीय. अभ्यासिकेचा पास हवाय.”

तिने नवा अर्ज पुढे सरकवला. त्यावर शिक्का होता. पुन्हा परत जावं लागू नये म्हणून तिने तो दोनदा मारून आणला होता.