कमानीपलीकडची ओ

माझ्या लोजेला लाज म्हणून उरलेली नाही. चियांगमाईहून स्वस्तात रान बघायला निघालेल्या गोऱ्यांना तो गावात आणतो आणि स्वतःच्या आईला म्हणतो, "चांदीचं टोपडं घाल, फोटो काढायचेत." म्हणजे मी माकडीण आणि हा मदारी.

आज तर कहर केला. रानातून गावात यायचं ते वेशीवरच्या कमानीखालूनच. रानातलं जे काही माणसामागं लागून येतं, ते तिथंच अडतं. पण पाहुणे दमले म्हणून हा त्यांना घेऊन डुकरांच्या वाटेनं मागून आला.

"कमान काय पळून जाते का, आई?" असं म्हणत तो चुलीपाशी जेवायला बसला. मिरचीशिवाय ज्याला घास उतरत नाही, तो नुसता भात गिळत होता.

"आत्याबाई, हे असे काय करतायत? त्यांच्या जिवाला हाक मारा," सून मीझू कुजबुजली. दमल्या-भ्यालेल्या माणसाचा जीव रानात मागं राहतो. आईनं कमानीशी हाक मारली की तो मुकाट घरी येतो.

जिवाला दाखवायला उकडलेलं अंडं घेऊन मी कमानीशी गेले. "लोजे, घरी ये रे."

जीव कधी ओ देत नाही. पण कमानीपलीकडून ओ आली.

"आई, कधीचा उभा आहे. मला आत का येता येत नाही?"

मी घरी आले. तो अजून जेवतच होता.

"भात खाल्लास, आता ऊठ," मी म्हणाले. "आल्या वाटेनं चालता हो. तू त्याची जागा अडवलीस, म्हणून माझा निर्लज्ज पोरगा बाहेर उपाशी उभा आहे."