काट्याचे दोन फेरे

"ड्रम माझा नको," थेंबाबाई म्हणाली. "तात्यांच्या घरचा आणा. नाहीतर उद्या म्हणाल, ड्रमचं बूडच खोटं होतं."

बागेचं पाण्याचं मीटर तपासायला आलेल्या पाणी संस्थेच्या तपासनिसाने मान डोलावली. त्याच्या पिशवीत सील लावायची तार आणि पक्कड तयारच होती. मीटरमध्ये लबाडी सापडली की बागेचा कॉक बंद, तो थेट पुढच्या हंगामापर्यंत. डाळिंबं उतरायला अजून तीन आठवडे होते. या उन्हात तीन आठवडे पाणी तुटलं तर झाडावर नुसती टरफलं उरली असती.

तक्रार तात्यांची. तात्या म्हणजे बांधाला बांध असलेले शेजारी. दोन्ही बागा सारख्या, झाडं चारशेला चारशे, आणि बाईचं मीटर मात्र तात्यांच्या निम्मं चाललेलं. "हिची झाडं काय हवा पिऊन जगतात?" असं त्यांनी संस्थेच्या बैठकीत विचारलं, तेव्हा सगळे पोट धरून हसले होते. बाईने पाणी वाचवलं म्हटलं तर कुणाचा विश्वास बसत नाही. चोरलं म्हटलं की लगेच बसतो.

थेंबाबाई हे काही तिचं खरं नाव नव्हे. ठिबकच्या नळ्यांपाशी वाकून दिवसभर थेंब मोजते म्हणून लोकांनी चिकटवलेलं, आणि तिनेही ते हसत मिरवलेलं. पण चोर हे दुसरं नाव तिच्या जिव्हारी लागलं होतं. आज सकाळी खुद्द नवऱ्याने चहा घेताना हळूच विचारलं होतं, "अगं, तू खरंच मीटरला हात लावला नाहीस ना?" स्वतःचा चहा तसाच टाकून ती बागेत निघून आली होती.

तात्यांचा निळा ड्रम आला, मागोमाग तात्या आणि बाईचा नवराही. बरोबर दोनशे लिटरचा. तपासनिसाने नळीचं तोंड त्यात सोडलं आणि मीटरची काच रुमालाने पुसली. आत एक लाल काटा होता. त्याचा एक फेरा म्हणजे शंभर लिटर.

"दोन फेरे व्हायच्या आत ड्रम भरला, तर मीटर चोर," तो म्हणाला.

"आणि मीटरबरोबर मीही. सोडा पाणी."

धार ड्रमच्या बुडावर धाडधाड आपटू लागली. तात्या ड्रमकडे बघत होते, नवरा काट्याकडे, आणि थेंबाबाई या दोघांच्या तोंडाकडे. पहिला फेरा झाला. पाणी निम्म्याच्या जरा खालीच होतं. तात्या एक पाऊल पुढे सरकले. दुसऱ्या फेऱ्यात पाणी काठाकडे चढत गेलं. काटा शून्यावर आला तसा तपासनिसाने झटकन कॉक फिरवला.

ड्रम भरला नव्हता. काठापासून चांगली चार बोटं जागा रिकामी होती.

तपासनिसाने पुन्हा मोजायचं ठरवलं. बाईने ड्रम बादलीबादलीने झाडांच्या बुंध्याशी रिकामा करायला लावला, एक थेंब वाटेवर सांडू दिला नाही. पुन्हा दोन फेरे. पुन्हा चार बोटं.

"म्हणजे काय हो, साहेब?" नवऱ्याने विचारलं.

"मीटर चुकतंय." तपासनीस ओशाळला. "पण उलटं. बाई वापरतात त्याहून जास्त दाखवतंय."

"म्हणजे निम्म्याहूनही कमी!" नवरा केवढ्यांदा ओरडला! "ऐकलंत ना, तात्या? निम्म्याहूनही कमी!" सकाळचा प्रश्न जणू दुसऱ्याच कुणाच्या नवऱ्याने विचारला होता. थेंबाबाईला हसू आलं, आणि त्याच हसण्यात डोळेही भरून आले. किती दिवसांनी तिने छातीभर श्वास घेतला.

तात्या मात्र हटायला तयार नव्हते. "मीटर राहू द्या. माझी बाग दिवसभर भिजते तरी फळं तडकतात. इथली जमीन तर खडखडीत दिसते. मग झाडं जगतात कशावर?"

"या," बाई म्हणाली.

ती त्यांना पलीकडच्या, बादलीचं पाणी न पडलेल्या एका झाडापाशी घेऊन गेली. फांद्या लालबुंद फळांनी जमिनीला टेकल्या होत्या, आणि एकही फळ तडकलेलं नव्हतं. खाली वाळल्या गवताचा वीतभर थर होता. तिने तो बाजूला सारला.

"घाला हात."

तात्या गुडघ्यांना शिव्या देत खाली बसले. हात मनगटापर्यंत मातीत गेला आणि मूठभर काळी माती घेऊन वर आला. त्यांनी मूठ दाबली. उघडली. तळहातावर ओलसर गोळा तसाच राहिला, फुटला नाही.

"पाणी मुळांना लागतं, तात्या. वरची माती ओली दिसली की आपल्याला बरं वाटतं. झाडाला त्याचं काय?"

तात्या गोळ्याकडे बघत राहिले. मग विचारलं, "किती वेळ सोडता, वहिनी?"

"चाळीस मिनिटं. एक दिवसाआड."

तपासनिसाने तार आणि पक्कड पिशवीत खाली सारली आणि नवीन मीटरचा अर्ज बाहेर काढला. तात्यांनी दुसऱ्या हाताने खिशातला फोन काढून घरी लावला.

"अगं, पाणी केव्हापासून चालू आहे?... सकाळपासून? बंद कर... नाही, नळी फुटली नाही. यापुढे चाळीस मिनिटं झाली की कॉक बंद करायचा. तेही एक दिवसाआड... कुणी सांगितलं म्हणजे? शेजारच्या वहिनींनी!"